खुबा दुखतोय की कंबर? नव्यानं धावायला लागलेल्यांसाठी

आजचा विषय आहे धावणं, आणि त्यातलं एक दुखणं. नव्यानं धावायला लागलं की महिना-दीड महिन्यात बऱ्याच जणांना ते गाठतं. खुब्याचं दुखणं. हा एपिसोड चालता चालता ऐकत असाल तर उत्तम, कारण मध्येच मी तुम्हाला एका पायावर उभं राहायला सांगणार आहे. फक्त तेव्हा रस्त्याच्या कडेला या, एवढंच.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये आहे, राहुरीत घरून काम करतो आणि सकाळी धावतो. तुमच्या दुखण्याचं निदान मी करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण दुखणं नेमकं कुठं आहे हे कसं ओळखायचं, घरी काय करता येतं, आणि कुठल्या दुखण्याला एक दिवससुद्धा धावायचं नाही, एवढं प्रत्येक धावणाऱ्याला माहीत असायला हवं. आज तेवढंच बोलू.

राहुरीत पहाटे बाहेर पडलात तर दोन प्रकारची माणसं धावताना दिसतात. एक माझ्यासारखी. दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत, पोट थोडं पुढं, आणि मोबाइलमध्ये नवीन टाकलेलं धावण्याचं ॲप. दुसरी भरतीची पोरं-पोरी. त्यांच्यासाठी धावणं हा छंद नाही. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं, आणि त्या एका धावेला २० गुण. २०२४ च्या भरतीत १७ हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. अशा वेळी खुबा दुखला तर कोण थांबेल? म्हणूनच हा विषय घ्यावासा वाटला.

आधी शब्द नीट करू

आपल्याकडे 'खुबा' हा शब्द कधी ऐकू येतो? आजी मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, नगरला नेलं. म्हणजे खुबा हा म्हाताऱ्या माणसांचा अवयव, असंच डोक्यात बसलेलं असतं. बावीस वर्षांच्या पोराला तिथं दुखलं तर तो सांगतो, "कंबर दुखती." कोणी म्हणतं "मांडी भरली", कोणी म्हणतं "शीर आखडली". कंबर म्हटलं की समोरच्याचं लक्ष पाठीच्या मणक्याकडे जातं. एक्स-रे मणक्याचा निघतो, मलम मणक्याला लागतं, आणि दुखणारी जागा वीतभर खाली तशीच राहते.

तर खुबा म्हणजे नेमकं काय? शाळेत उखळीचा सांधा शिकलो होतो, आठवतंय? मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि कमरेच्या हाडातली वाटी, हा तो सांधा. तो खूप आत असतो, जांघेच्या मागे. हात कमरेच्या खाली बाजूला ठेवल्यावर जे टणक हाड लागतं, तो मांडीच्या हाडाचाच बाहेर आलेला भाग. गोळा आणि हे बाहेरचं हाड, या दोघांच्या मध्ये हाडाचा एक तिरका, अरुंद भाग असतो. त्याला मांडीच्या हाडाची मान म्हणतात. ही मान लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका पायाचं गणित

आता कडेला या आणि एका पायावर उभे राहा. उभ्या पायाच्या बाजूला, खिशाच्या थोडं मागे हात लावा. स्नायू घट्ट झालेला जाणवतोय? तो कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू आहे. तुमची कमर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून तो ओढून धरतोय.

तराजूचा विचार करा, पण ज्याचा एक दांडा लांब आणि एक आखूड आहे असा. शरीराचं वजन लांब दांड्यावर आणि हा स्नायू आखूड दांड्यावर. तोल सांभाळायला त्याला वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि वजन अधिक स्नायूचा जोर असा सगळा भार सांध्यावर येतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यात सेन्सर बसवून हा भार प्रत्यक्ष मोजलाय. साधं चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट असतो, हळू धावताना पाच पटींच्या आसपास जातो.

धावताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर नसतातच. म्हणजे धावणं हे एका पायावर उभं राहणंच, फक्त शेकडो वेळा. हिशेब करू. मिनिटाला १६० पावलं आणि किलोमीटरला साडेसात मिनिटं, हा नवशिक्याचा साधारण वेग. एका किलोमीटरला १२०० पावलं, म्हणजे एका पायावर ६००. तीन किलोमीटर धावलात की एका खुब्यानं १८०० वेळा हा भार घेतला.

हाड, स्नायू, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, हे सगळं भाराची सवय लावून घेतं आणि मजबूत होतं. पण सगळ्यांचा वेग सारखा नाही. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. कंडरा आणि हाडाला महिने लागतात. छाती म्हणते अजून दोन किलोमीटर मार, आणि खुबा अजून मागच्या महिन्यातच असतो. महिना-दीड महिन्यानंतर दुखणं सुरू होतं ते बहुतेकदा यामुळे.

बोट कुठं ठेवता?

आता मुख्य मुद्दा. दुखतं तिथं एक बोट ठेवा. जागा बदलली की अर्थ बदलतो.

पहिली जागा, बाहेरची बाजू. त्या टणक हाडावर किंवा त्याच्या आसपास. त्या कुशीवर झोपलं की दुखतं, जिना चढताना दुखतं, एका पायावर उभं राहून पँट घालताना दुखतं. हे बहुतेकदा कुल्ल्याच्या स्नायूच्या कंडरेचं दुखणं असतं. मला स्वतःला झालं ते हेच, उजव्या बाजूला, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. त्रासदायक असतं, लवकर जात नाही, पण सहसा धोक्याचं नसतं.

दुसरी जागा, मागची बाजू. बसण्याच्या हाडापाशी किंवा कुल्ल्याच्या मधोमध. तिथून कळ गुडघ्याखाली, पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर मूळ खरंच कंबरेच्या मणक्यात असू शकतं. आणि एक वेगळा प्रकार ओळखून ठेवा. पहाटे उठताना दुखणं आणि आखडलेपण जास्त, अर्धा तास तरी जात नाही, आराम केला की वाढतं, हालचाल केली की बरं वाटतं, कधी डावा कुल्ला तर कधी उजवा. विशी-तिशीत असं तीन महिने चाललं असेल तर ते धावण्याचं दुखणं नसावं. सांध्यांना सूज आणणारा संधिवाताचा एक प्रकार याच वयात सुरू होतो. त्यासाठी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचं.

तिसरी जागा, पुढची बाजू, जांघ. इथं बोट ठेवायला गेलात तर नेमकी जागा सापडत नाही, दुखणं खोल वाटतं. बरेच जण अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी बाजूनं खुब्याला पकड घालून दाखवतात, "इथं आत". असा हात गेला की दुखणं सांध्याच्या आत असण्याची शक्यता जास्त. उकिडवं बसल्यावर चिमटा बसल्यासारखं होतं, बराच वेळ खुर्चीत बसून उठताना अडकल्यासारखं होतं, अशी लक्षणं सांध्यातल्या घासण्याची असू शकतात. दिवसभर बसणाऱ्यांत पुढचा स्नायू ताणला गेल्यानंही तिथं दुखतं. पण या पुढच्या जागेत एक दुखणं असं आहे, ज्यासाठी मी हा सगळा एपिसोड करतोय.

जांघेतलं दुखणं: इथं थांबायचं

मगाशी हाडाची मान लक्षात ठेवायला सांगितलं होतं. भार अचानक वाढला आणि हाडाला सावरायला वेळ मिळाला नाही, की त्या मानेत केसासारखी बारीक चीर पडू शकते. पडावं लागत नाही, अपघात लागत नाही, नुसत्या धावण्यानं होतं. सैन्यात नव्यानं भरती झालेल्या जवानांच्या प्रशिक्षणात हे जगभर दिसून आलंय, आणि भरतीची तयारी म्हणजे जवळजवळ तसंच प्रशिक्षण.

लक्षणं ऐका. जांघेत किंवा मांडीच्या पुढे खोल दुखतं. आधी धावताना, मग चालताना, मग उभं राहतानासुद्धा. बसलं, झोपलं की कमी होतं, आणि वाढत गेलं की रात्रीही ठणकतं. पायावर भार दिला की माणूस नकळत लंगडतो. असं असेल तर धावणं त्याच दिवशी बंद. ताणायचं नाही, मालिश नाही, आणि "एका पायावर उडी मारून बघू" हा प्रयोग घरी करायचा नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

तिथं एक गोष्ट माहीत असू द्या. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही असं बरेचदा होतं. एक्स-रे चांगला आला म्हणून सुटलो असं समजू नका. दुखणं जांघेतलं असेल आणि भार दिल्यावर वाढत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "एमआरआय करायचा का?" आणि हेही सांगा की गेल्या दोन महिन्यांत धावणं किती वाढलं. तो आकडा त्यांना उपयोगी पडतो.

एवढी घाई कशाला? कारण चीर लवकर कळली आणि मानेच्या खालच्या बाजूला असली, तर कुबड्या आणि काही आठवड्यांची विश्रांती यावर भागू शकतं. वरच्या बाजूची चीर जास्त धोक्याची, तिला अनेकदा स्क्रू घालावे लागतात. आणि तसंच धावत राहिलं आणि मान पूर्ण मोडून सरकली, तर गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटू शकतो. रक्त तुटलं की गोळ्याचं हाड मरायला लागतं, आणि पंचविशीच्या आत कृत्रिम खुबा बसवायची वेळ येऊ शकते. एका बाजूला सहा-आठ आठवडे, दुसऱ्या बाजूला उभं आयुष्य.

रक्तपुरवठा बंद पडायला चीरच लागते असं नाही. जास्त दारू, सिकलसेलचा आजार, किंवा बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइडची औषधं, यांनीही तेच होतं. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतर खुब्याचं हाड असं मरू लागलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांनाही कोविडच्या उपचारात स्टिरॉइड दिली गेली होती. तेव्हा जांघ दुखत असेल आणि कधी स्टिरॉइड घेतली असतील तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. कोणी अंगदुखीवर नाव नसलेल्या पुड्या देत असेल, तर आत काय आहे हे कळल्याशिवाय घेऊ नका.

बाहेरच्या बाजूचं दुखणं: इथं काम करायचं

आता त्या कमी धोक्याच्या पण जास्त आढळणाऱ्या दुखण्याकडे येऊ. यावर आपल्याकडचे दोन ठरलेले उपाय. एक, महिनाभर काहीच करू नको. दोन, डॉक्टर, एक इंजेक्शन मारा.

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात याची चाचणी झाली. बाहेरच्या बाजूचं दुखणं असलेले २०४ जण, वय ३५ ते ७०. एका गटाला व्यायाम आणि रोजच्या सवयींबद्दल माहिती, दुसऱ्याला स्टिरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं थांबा आणि बघा. आठ आठवड्यांनी बरं वाटतंय म्हणणारे व्यायामाच्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८, आणि नुसत्या थांबणाऱ्यांत २९. ही माणसं आपल्यापेक्षा वयानं मोठी होती, पण दिशा कळते. कंडरेला झेपेल एवढं काम द्यायचं.

सवयी आधी. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, आणि दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. खुर्चीत पायावर पाय टाकून बसायचं नाही. चहाच्या टपरीवर एका पायावर रेलून, कमर एका बाजूला टाकून उभं राहायचं नाही. आणि यूट्यूबवर दिसतं तसं पाय आडवा ओढून ती बाजू ताणायची नाही. ताणलं की क्षणभर बरं वाटतं, पण कंडरा हाडावर आणखी दाबली जाते.

मग व्यायाम. चार पुरेत, एक दिवसाआड.

१. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, टाचांवर जोर देऊन कमर उचला, पाच मोजा, हळू खाली. दहा वेळा, तीन फेऱ्या.

२. बऱ्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी. वरचा, म्हणजे दुखरा पाय उशीवरून जेमतेम उचला आणि दहा मोजेपर्यंत धरा. पाच-सहा वेळा.

३. आरशासमोर एका पायावर अर्धा मिनिट. कमरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत राहिल्या पाहिजेत. कलंडत असेल तर भिंतीला बोट लावा.

४. घराच्या खालच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळू खाली टेकवायचा आणि परत वर. उभ्या पायाचा गुडघा आत वळू द्यायचा नाही. आठ-दहा वेळा.

वजनाचं काही लागत नाही. पुढे जमायला लागलं की पाठीवर सॅक घ्या, त्यात पाण्याच्या बाटल्या. आणि दोन-तीन आठवड्यांत चमत्कार होईल असं धरू नका, आठ ते बारा आठवडे द्या.

धावायचं की नाही?

बाहेरच्या किंवा मागच्या स्नायूच्या दुखण्यात धावणं पूर्ण बंद करावंच लागतं असं नाही. साधा नियम असा. दहापैकी किती दुखतंय? तीनपर्यंत असेल, धावताना वाढत नसेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळइतकंच असेल, तर चालू ठेवा. सकाळी जास्त असेल तर पुढची धाव कमी करा. लंगडत असाल तर धावूच नका. बंद केलं असेल तर आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे, मग एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल, आठ वेळा, एक दिवसाआड.

वाढवायचं किती? आठवड्याला दहा टक्के, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम. नेदरलँड्समध्ये २००८ च्या एका अभ्यासात नवशिक्या धावपटूंवर तो तपासला. दहा टक्क्यांनी हळू वाढवणाऱ्यांत आणि नेहमीचा कार्यक्रम करणाऱ्यांत, दोन्हीकडे दुखापत झालेले साधारण २० टक्केच निघाले. म्हणजे आठवड्याची बेरीज सांभाळली की सगळं सांभाळलं असं नाही. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदी पाहिल्या, त्यातून जास्त कामाचं उत्तर मिळालं. गेल्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त धावलं, की दुखापत वाढते. हे तुमच्या फोनमध्ये आत्ता बघता येईल. गेल्या महिन्यातली सगळ्यात लांब धाव किती? पाच किलोमीटर? मग या रविवारी साडेपाचच्या पुढे नाही. मित्र दहा मारतोय, मारू दे.

दुसरी गोष्ट, पावलं छोटी टाका. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारनं गुणा. वेग तोच ठेवून हा आकडा पाच ते दहा टक्क्यांनी वाढवला, तर प्रत्येक पावलाला खुब्यावर आणि गुडघ्यावर येणारा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे.

तिसरी, रस्ता. आपले डांबरी रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेनं धावलं की एक पाय कायम खालच्या पातळीवर. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेनं तर धावूच नका. उसाच्या हंगामात अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, तिथं खुब्यापेक्षा जीव महत्त्वाचा. सपाट मैदान किंवा रहदारी नसलेला गावातला रस्ता बघा आणि फेऱ्यांची दिशा बदलत राहा.

भरतीवाल्यांसाठी दोन शब्द

मैदानी चाचणीच्या आधी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचा सल्ला देणारे खूप भेटतात. गोळीनं चीर भरत नाही, फक्त ती दुखायची थांबते. म्हणजे थांब म्हणून सांगणारा एकमेव आवाज बंद होतो. शिवाय उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात.

दुसरं, खाणं. पहाटे उपाशीपोटी धाव, दिवसभर अभ्यासिका, रात्री मेसचं पातळ वरण, वर आठवड्याचे उपवास. खर्च जास्त आणि जमा कमी, अशा शरीरात हाड दुरुस्त होत नाही. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी खात असाल तर अंडी, जे परवडेल ते पोटभर खा. मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. धावणं वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर "बरं झालं, कटकट गेली" असं समजू नका. शरीराला ऊर्जा कमी पडतेय आणि हाडं ठिसूळ होतायत, याची ती खूण असू शकते. जांघेतलं दुखणं आणि थांबलेली पाळी, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.

आणि थांबणं म्हणजे हरणं वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये देशातला सगळ्यात वेगवान माणूस. २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याला टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. जागतिक स्पर्धेसाठी तो थांबू शकतो, तर आपणही एक भरती, एक मॅरेथॉन सोडू शकतो. भरती पुन्हा निघते.

तर मंडळी, थोडक्यात. बाहेरच्या बाजूला दुखतंय, काम करा. पहाटे आखडतंय आणि चालल्यावर सुटतंय, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. जांघेत खोल दुखतंय आणि पाय टेकला की वाढतंय, आजच थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथं "कंबर दुखती" म्हणू नका. नेमकी जागा हात लावून दाखवा आणि म्हणा, खुबा दुखतोय.

ओळखीचं कोणी भरतीची तयारी करत असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. आज इथंच थांबतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, तोपर्यंत पावलं छोटी टाका!